रस्त्यांत खेळणारी मुले

शास्त्रपाठ : जखऱ्या ८:१-८, मत्तय ११:१६-१९, मार्क १०:१३-१६

पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट आहे. सिल्वासा येथील आमच्या लहानशा मराठी मंडळीत शब्बाथ शाळेचा शिशुवर्ग भरला होता. वर्ग म्हणजे उपासनेच्या खोलीमागची पडवी, एक सतरंजी आणि तिच्यावर दाटीवाटीने बसलेली तीन ते पाच वर्षांची अकरा मुले. पाठ होता प्रभू येशूने वादळ शांत केल्याचा. आम्ही आठवडाभर तयारी केली होती, चित्र आणले होते, सोनेरी वचन फळ्यावर लिहिले होते. मुले हाताची घडी घालून ऐकत होती. चार वर्षांचा एक मुलगा मात्र दारातली एक चप्पल घेऊन ती सतरंजीवर मागेपुढे सरकवीत होता. दोनदा डोळे वटारले, उपयोग झाला नाही. तिसऱ्या वेळी आम्ही ती चप्पल त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणालो, "देवाच्या घरात खेळायचं नसतं." तो घडी घालून बसला. शेवटी वचन विचारले तेव्हा त्याला एक शब्दही सांगता आला नाही.

उपासना सुटली. मोठी माणसे चहा घेत उभी होती. आम्ही सतरंजी गुंडाळायला मागे गेलो, तर पागोळ्यांनी साचलेल्या डबक्यात तीच चप्पल तरंगत होती. तिच्यात एक गोल दगड निजवलेला होता. मुलगा दोन्ही हातांनी पाणी ढवळीत होता आणि तोंडाने वाऱ्याचा आवाज काढीत होता. चप्पल बुडायला आली तेव्हा त्याने दगड उचलून उभा केला, "गप!" असे म्हणाला, आणि दोन्ही हात पाण्याबाहेर काढून घेतले. पाणी निवेपर्यंत तो त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला.

आमच्या अकरा मुलांत त्या दिवशीचा पाठ सर्वांत नीट ऐकला होता तो त्याने. सतरंजीवर सरकत होते ते तारू होते. आम्ही वर्गात शिस्त आणली, पण जो खरोखर शिकत होता त्याचे पुस्तकच हिसकावून घेतले.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याचे आईवडील दोघेही कारखान्यात कामाला आहेत; चाळीतील एका खोलीत चौघांचा संसार. आई संकोचून म्हणाली, "टीचर, तो येतच नाही म्हणतो. देवाला खेळलेलं आवडत नाही, म्हणतो."

हे वाक्य ऐकून आम्ही खाली पाहिले. एका रविवारात आम्ही ह्या बालकाला देवाविषयी एक गोष्ट शिकविली होती आणि ती त्याच्या मनात पक्की बसली होती. ती खरी आहे काय? देवाला खेळलेले आवडत नाही काय? आमच्या वाचकांत शब्बाथ शाळेचे शिक्षक आहेत, आईबाप आहेत, आजीआजोबा आहेत. म्हणून हा प्रश्न आम्ही सर्वांपुढे मांडीत आहोत.

आधी आपल्या मनातील भीतीचा विचार करू. कारण ती भीती मूर्खपणाची नाही. आपल्या ख्रिस्ती घराण्यांपैकी पुष्कळांना वर आणले ते शिक्षणाने. आजोबा मिशनच्या वसतिगृहात कंदिलाच्या उजेडात शिकले, म्हणून वडील मास्तर झाले, आजी परिचारिका झाली. खेळत बसणारा पोर मागे राहतो, हे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. येथे सिल्वाशात तर ही घाई अधिकच आहे. १९५४ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेला हा मुलूख १९६१ च्या जनगणनेत जेमतेम ५८ हजार वस्तीचा होता. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३ लाख ४३ हजारांवर गेली होती. कारखाने आले, त्यांच्यामागे महाराष्ट्रातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून माणसे आली. जी माणसे घरदार सोडून पाळीपाळीने यंत्रावर उभी राहतात, त्यांना आपल्या मुलाने यंत्रावर उभे राहू नये असे वाटणारच. म्हणून तीन वर्षांच्या मुलाच्या पाठीला दप्तर लागते, आणि "आज काय लिहिलं?" हा संध्याकाळचा पहिला प्रश्न असतो. त्याच्या जोडीला आपण पौलाचा आधार घेतो. त्याने प्रौढ झाल्यावर पोरपणाच्या गोष्टी सोडून दिल्या, असे १ करिंथ १३:११ मध्ये सांगितले आहे ना? होय, सांगितले आहे. परंतु बालक होतो तेव्हा आपण बालकासारखे बोललो, बालकासारखा विचार केला, असेही तो त्याच वचनात सांगतो. बालपणी बालकासारखे असणे हा दोष आहे असे तो कोठेही म्हणत नाही.

मग बालक खेळतो म्हणजे नेमके काय करतो, हे थोडे जवळून पाहू.

एखादी चार वर्षांची मुलगी मोरीत बसून पेल्यातले पाणी ताटलीत आणि ताटलीतले पेल्यात ओतते. आई ओरडते, पाणी सांडते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे ह्यांनी दाखवून दिले की, रुंद भांड्यातले पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतले तर ह्या वयाचे मूल 'पाणी वाढले' असेच म्हणते. आपण शंभरदा सांगितले तरी त्याला पटत नाही. साधारण सहासात वर्षांच्या पुढे त्याला आपोआप कळू लागते की पाणी तितकेच आहे. हे कळणे कोणी पढवून येत नाही. हजारदा पाणी ओतणाऱ्या, वाळू भरणाऱ्या, मातीचा गोळा लांबट आणि पुन्हा गोल करणाऱ्या हातांतून ते येते. पुढे शाळेत ज्याला गणित म्हणतात त्याचे पाणी मोरीतच मुरत असते.

चपलेचे तारू करणारा मुलगा ह्याहून मोठे काम करीत होता. रशियातील व्हिगॉट्स्की (१८९६-१९३४) ह्या अभ्यासकाने ह्या प्रकारच्या खेळाचा फार सूक्ष्म विचार केला. काठीला घोडा म्हणणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करते, असे त्याने मांडले. काठी हातात असते, घोडा मनात असतो. विचार करणाऱ्याच्या लक्षात येईल की अक्षरवाचनाची पहिली पायरी हीच आहे. कागदावरचा 'क' हा काही कमळ नव्हे. ती एक रेघोटी आहे आणि तिने दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभे राहावयाचे आहे. जे मूल चपलेत तारू पाहू शकते त्याला रेघोटीत आवाज ऐकणे जड जात नाही. आणि आपण ख्रिस्ती लोकांना तर खुणेचे महत्त्व अधिकच कळावयास हवे. भाकरी आणि प्याला हाती घेऊन त्यांत डोळ्यांना न दिसणारे पाहणे, हेच आपण प्रभुभोजनाच्या मेजाशी करतो.

नीतीच्या बाबतीतही तेच. आपण मुलांना आज्ञा पाठ करवितो, ते योग्यच आहे. पण न्याय म्हणजे काय हे मूल शिकते कोठे? पियाजे ह्यांनी मुलांच्या नीतिबुद्धीवरचा आपला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याचा आरंभ केला तो गोट्यांच्या खेळापासून. ते मुलांबरोबर बसले, त्यांचे नियम त्यांच्याकडूनच शिकले आणि विचारीत गेले की हे नियम आले कोठून, ते बदलता येतील काय. लहानग्यांना वाटत होते की नियम वडिलांनी किंवा खुद्द देवाने घालून दिले आहेत, ते बदलणे पाप. तरी खेळताना ती मुले ते सर्रास मोडीत होती. मोठी मुले, दहाबारा वर्षांची, म्हणत होती की सर्वांनी मिळून ठरविले तर नियम बदलता येईल. आणि तीच मुले नियम काटेकोर पाळीत होती. ह्यात आम्हा शिक्षकांना मोठा धडा आहे. वरून लादलेला नियम ओठांवर राहतो. जो नियम सोबत्यांशी भांडून, रुसून, पुन्हा जमवून घेऊन आपला केला, तो अंतःकरणात उतरतो. "आता तुझा डाव", "मी आऊट झालो", "लहानग्याला कच्चं लिंबू घेऊ" ही वाक्ये ज्याच्या तोंडी लहानपणी बसली, त्याला सत्य, न्याय आणि दया ह्यांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. आणि 'कच्चं लिंबू' म्हणजे काय? जो अजून नियम पाळू शकत नाही त्यालाही खेळात जागा. कृपेचा ह्याहून सोपा दाखला आम्हाला तरी ठाऊक नाही.

हे सारे परदेशी विद्वानांचे बोलणे आहे, आपल्याकडे त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सिल्वाशाहून फार दूर नाही. तलासरीवरून समुद्राच्या दिशेने गेले की बोर्डी लागते, आणि तेथून जवळच कोसबाडची टेकडी. पूर्वी हा ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर. ह्या ठिकाणी ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०-१९९२) ह्यांनी जे केले ते साऱ्या देशाला उपयोगी पडले.

ताराबाई प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याकडे गेल्या. गिजुभाई वकिली करीत होते. त्यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर काढले, आणि मुलांवरील त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणू लागले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचा ताराबाईंनी नीट अभ्यास केला. पण तिची साधने महाग, ती शहरातल्या सुखवस्तू मुलांनाच मिळत. खेड्यातल्या मुलाने काय करावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि १९५० च्या दशकात त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या.

तेथे वारली मुले शाळेत येईनात. येणार तरी कशी? कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला गुरे राखायची. आपण असतो तर पालकांना दोष देऊन हजेरीपट बंद केला असता. ह्या बायांनी उलट केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. पाड्यावरच्या झोपडीपुढच्या अंगणात वर्ग भरू लागला, ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले कुरणात असतात तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. तान्ह्यांसाठी पाळणाघर, लहानग्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी शाळा एकाच ठिकाणी आणली, म्हणजे धाकट्याला सांभाळणाऱ्या ताईलाही शिकता येईल. साधने कोणती? खडे, शिंपले, बिया, पाने, माती, बांबू. मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, गाणी म्हणायची आणि खेळायचे. त्या खेळातून मोजणे आले, रंग आले, शब्द आले. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आमच्या दादरा आणि नगर हवेलीच्या पाड्यांतही त्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया मानून तेथे खेळाला मुख्य जागा दिली आहे. सरकारने कागदावर आणले ते ह्या दोघींनी शेणाने सारवलेल्या अंगणात कितीतरी आधी करून दाखविले होते.

अनुताईंचे एक सांगावेसे वाटते. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. जिचे स्वतःचे बालपण असे खुडले गेले, तिने आपले उभे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांचे बालपण राखण्यात घातले.

आपल्या प्रॉटेस्टंट परंपरेलाही हे नवे नाही; आपण विसरलो आहोत इतकेच. कोमेनियस (१५९२-१६७०) हा बोहेमियन बंधुमंडळीचा बिशप. धर्मयुद्धात त्याला देशोधडीला लागावे लागले, साथीत बायको आणि मुले गेली, पुढे आगीत त्याची हस्तलिखिते जळाली. इतके सोसलेल्या माणसाने जगाला काय दिले? मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक, जे १६५८ मध्ये छापले गेले, आणि शाळा म्हणजे खेळ असे नाव दिलेली, विद्यार्थ्यांनी करावयाची नाटके. पुढे फ्रेडरिक फ्रोबेल, लूथरन पाळकाचा मुलगा, नऊ महिन्यांचा असताना आईला मुकलेला. त्याने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांच्या खेळाची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला बालोद्यान ह्या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे ही त्याची साधने. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने ह्या शाळांवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत राहिली. मुलांच्या खेळाचे भय एखाद्या राज्यालाही वाटू शकते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जो मोकळेपणाने खेळला तो पुढे मोकळेपणाने विचार करतो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू, कारण आमचा मूळ प्रश्न देवाविषयी होता.

ख्रिस्तपूर्व ५१८ च्या सुमाराचा काळ. बंदिवासातून परत आलेले लोक थकलेले, यरुशलेम अजून अर्धे ओसाड, मंदिराचे काम चालू. अशा वेळी जखऱ्या संदेष्ट्याला देवाच्या पुनर्स्थापित नगरीचे चित्र दिसते. त्यात तो सैन्य दाखवीत नाही, बाजारपेठ दाखवीत नाही. आठव्या अध्यायाच्या चौथ्या व पाचव्या वचनांत तो दोनच गोष्टी सांगतो : हातात काठी घेतलेले म्हातारे व म्हाताऱ्या निर्धास्त बसल्या आहेत, आणि नगरीचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. देव एखाद्या गावात वस्तीला आला हे ओळखावे कशावरून? तर तेथे मुले रस्त्यांत खेळू शकतात ह्यावरून. ह्या मापाने आपले सिल्वासा मोजून पाहा. मालमोटारी धावतात अशा रस्त्यांवर, चाळींच्या अरुंद बोळांत, मूल खेळायला जाणार कोठे?

दुसरा उतारा नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातील तिसाव्या व एकतिसाव्या वचनांचा. देव पृथ्वीचे पाये घालीत होता तेव्हा ज्ञान त्याच्याजवळ होते आणि त्याच्यासमोर आनंद करीत होते, असे तेथे म्हटले आहे. मूळ हिब्रू भाषेत येथे वापरलेले क्रियापद आणि जखऱ्याने खेळणाऱ्या मुलांसाठी वापरलेले क्रियापद एकाच धातूपासून आलेले आहे. म्हणजे सृष्टीच्या आरंभी देवासमोर ज्ञान जे करीत होते आणि डबक्यापाशी बसलेला आमचा मुलगा जे करीत होता, त्यांना शास्त्राने एकच शब्द योजला आहे.

आणि स्वतः प्रभू येशू! मत्तय ११:१६-१७ मध्ये त्याने बाजारात खेळणाऱ्या मुलांचा दाखला दिला आहे. ती मुले लग्नाचा खेळ मांडतात, पावा वाजवितात. मग मयताचा खेळ मांडतात, रडतात. आणि सोबती खेळात येत नाहीत म्हणून कुरकुरतात. हा दाखला कोण देऊ शकेल? ज्याने थांबून मुलांचा खेळ पाहिला आहे तोच. नासरेथच्या गल्लीत तो स्वतःही तसा खेळला असेल. शिष्यांनी बालकांना दटाविले तेव्हा त्याला राग आला, असे मार्क स्पष्ट लिहितो. आम्ही चप्पल हिसकावली तेव्हा आम्ही कोणाच्या बाजूला उभे होतो, हे सांगावयास नको.

मुले लग्न आणि मयत खेळत होती, कारण त्यांनी घरी तेच पाहिले होते. येथे आम्हाला त्या चाळीतल्या घरी पाहिलेली दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. आई चहा टाकीत होती तेव्हा मुलगा कोपऱ्यात आपल्या दोन वर्षांच्या बहिणीशी खेळत होता. भिंतीशी रिकाम्या बाटल्या रांगेने मांडल्या होत्या, शेवटी बहीण बसविली होती. तो 'टीचर' झाला होता. बहिणीने एक झाकण उचलले. त्याने ते तिच्या हातातून काढून घेतले, बोट वर केले आणि आमच्याच आवाजात म्हणाला, "देवाच्या घरात खेळायचं नसतं."

बंधुभगिनींनो, मुलाचा खेळ हा आपल्यापुढे धरलेला आरसा आहे. कोणते वचन पाठ झाले आणि कोणते नाही ते परीक्षेत कळेल; पण त्याच्या अंतःकरणात आपण काय पेरले ते त्याच्या खेळात दिसते.

येथवर खेळाचे फायदे पुष्कळ सांगितले. पण येथेच सावध राहिले पाहिजे. खेळातून गणित येते, भाषा येते, नीती येते म्हणून खेळू द्यावे, एवढेच म्हणून आम्ही थांबलो तर पुन्हा त्याच चुकीत पडू. मग आपण खेळही फायद्याच्या मापाने मोजू. 'बुद्धी वाढविणारी' म्हणून महागडी खेळणी आणू आणि ह्या खेळातून तू काय शिकलास, असे मुलाला विचारू. असे विचारले की खेळ संपतो आणि शिकवणी सुरू होते. मूल काही मिळावे म्हणून खेळत नाही. त्याला जिवंत असण्याचा आनंद झालेला असतो, म्हणून ते खेळते. शिकणे त्याच्या मागोमाग येते, जसे देवाचे राज्य आधी मिळविण्यास झटणाऱ्यास बाकीचे जोडून मिळते.

आपण प्रॉटेस्टंट मंडळी एका सत्यासाठी उभी राहिली : मनुष्य कृत्यांनी नव्हे तर कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो. हे आपण व्यासपीठावरून सांगतो. पण त्याच इमारतीच्या पडवीत, शिशुवर्गात, आपण काय सांगतो? वचन आले तर शाबास, नाही आले तर मान खाली. चार वर्षांच्या बालकाला आपण कृत्यांचे नियमशास्त्र शिकवितो आणि पंचविसाव्या वर्षी त्याने कृपा समजून घ्यावी अशी अपेक्षा करतो! देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला. शब्बाथ हा मजुरीचा दिवस नाही; त्या दिवशी मनुष्य काहीही न कमावता देवाचा असतो. लहान मुलाचा खेळ हा त्याचा शब्बाथ आहे. काही सिद्ध करून न दाखविताही आपण प्रिय आहोत, हे ते तेथे शिकते. ही शिकवण एकदा आत गेली तर पुढच्या साऱ्या शाळा ती हिरावून घेऊ शकत नाहीत. आणि ती गेली नाही तर मोठेपणी किती उपदेश ऐकले तरी देव म्हणजे काढून घेणारा हात, असेच वाटत राहते.

ह्याचा अर्थ शिस्त नको असा कोणी करू नये. खेळाइतकी शिस्त कोठेच नसते. लगोरी खेळणाऱ्या मुलांना विचारा. प्रार्थनेच्या वेळी शांत बसणे हेही मुलाने शिकावे, आणि प्रार्थना लहान असली तर ते शिकते. तसेच हातात मोबाईल दिलेले मूल गप्प बसते, म्हणून ते खेळत आहे असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एका तासाहून अधिक वेळ पडद्यापुढे बसू नये, आणि तीनचार वर्षांच्या मुलांची दिवसातून निदान १८० मिनिटे हालचाल व्हावी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम खेळ हा मुलाचा हक्क मानते, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. पण हक्क कागदावर असतो; अंगण आपणच द्यावे लागते.

आमच्या मंडळीत आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. कोणाला उपयोगी पडेल. शिशुवर्गाची पहिली वीस मिनिटे आता खेळाची आहेत. एका मोठ्या परातीत वाळू आहे, एक घमेले पाण्याचे आहे, डब्यात चिंचोके, शिंपले, काड्या, चिंध्यांच्या बाहुल्या आहेत. खर्च जवळजवळ काही नाही. गोष्ट सांगून झाली की आम्ही प्रश्न विचारीत नाही. मुलांना ती त्या वस्तूंनी खेळू देतो आणि पाहत बसतो. शिक्षकाला हे सर्वांत कठीण जाते. वचन आम्ही अजूनही शिकवितो, पण ते चालीवर, टाळीवर, सर्वांनी मिळून. एकट्याला उभे करून नाही. मंडळीतील आजीआजोबांना आम्ही पडवीत खुर्च्या टाकून दिल्या आहेत. जखऱ्याच्या चित्रात म्हातारी माणसे आणि मुले एकत्र आहेत. एका आजींनी सागरगोटे आणले, आणि आता मोठ्या मुलीही शिशुवर्गात डोकावू लागल्या आहेत. आईबापांना आमची विनंती एवढीच की संध्याकाळी "आज काय लिहिलं?" ह्याच्या आधी "आज काय खेळलास?" असे एकदा विचारून पाहावे.

त्या मुलाचे काय झाले? त्या दिवशी चाळीतून निघण्यापूर्वी आम्ही बाटल्यांच्या रांगेत, त्याच्या बहिणीशेजारी जाऊन बसलो आणि त्याला म्हणालो, "टीचर चुकली होती. देवाला खेळलेलं आवडतं." त्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिले, विश्वास ठेवावा की नाही हे त्याचे ठरेना. मग त्याने बहिणीकडून घेतलेले झाकण आमच्या हातात ठेवले. पुढच्या रविवारी तो आला. येताना दारात त्याने दोन्ही चपला काढल्या, एक तेथेच ठेवली, आणि दुसरी हातात घेऊन, आमच्याकडे पाहत पाहत, आत आला.

हे प्रभू, तू बालकांना कवटाळून आशीर्वाद दिलास. त्यांना दटावणारे आमचे हात तू आवर. आमच्या घरांत, आमच्या शब्बाथ शाळांत, आमच्या गावाच्या रस्त्यांत त्यांना खेळण्यापुरती जागा ठेवण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.